या डॅकमध्ये ट्रेबल नाही

१० नोव्हेंबर, रविवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. कुणी वाचायची नाही. आमच्या मंडळींना, म्हणजे सौभाग्यवतींना, वाचताच यायची नाही, कारण चष्मा लागलाय पण घालत नाहीत. वय मान्य करायला नको. असल्या हट्टी माणसाला काय म्हणावं?

प्रियानं पाडव्याला हेडफोन आणून दिलेत. वायरचे, जाडजूड. पलूसला स्वतःचा जनावरांचा दवाखाना काढलाय पोरीनं. म्हणाली, आबा, इथून पुढं टीव्ही यावरच ऐकत जावा. बापाचे कान काय दर्जाचे आहेत हे मुलीनं ओळखलं. शेजारच्या गुंडाला (हे नाव आहे, धंदा नव्हे) हेडफोन दाखवले तर तो माझ्यापेक्षा खूश. त्याला कशाचा आनंद झाला ते कळलं नाही.

संकल्प: वडिलांच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटी फोनमध्ये भरून घेतल्यात. त्या रोज तासभर, डोळे मिटून, शास्त्रशुद्ध ऐकणे.

१३ नोव्हेंबर, बुधवार.

फोनला हेडफोनचं भोकच नाही. पुण्याला पुतण्या दिग्विजयला विचारलं. तो या विषयातला वेडा. म्हणाला, काका, फोनमध्ये गाणं म्हणजे नुसते आकडे. आकड्यांचा आवाज करतो तो डॅक आणि तो आवाज मोठा करतो तो अ‍ॅम्प. दोन्ही एकाच डबीत मिळतं, खिशात मावतं. पुढं बराच वेळ पुटपुटत राहिला. आजकालची पोरं स्पष्ट बोलतच नाहीत. मी ‘बरं बरं’ म्हणत राहिलो.

त्यानं मला ‘कानसेन’ नावाच्या ग्रुपवर घातलं. सगळे दर्दी. मी ओळख करून दिली: सुभेदार लालासाहेब, कुंडल, निवृत्त. सगळी नोकरी तोफखान्यात. आम्ही कानात बोळे कधी घातले नाहीत, ती नवशिक्यांची कामं. तोफेपुढं तावून सुलाखून निघालेले कान आहेत. लगेच तिघांनी हात जोडलेले पाठवले.

१७ नोव्हेंबर, रविवार.

पहिला डॅक आला. अंगठ्याएवढा. पखवाज ठणठणीत, पण टाळ गायब. वडिलांच्या मंडळात टाळकऱ्यांची रांगच्या रांग असायची, ती काय उठून गेली? ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीतला तीक्ष्ण आवाज, नाही. परत पाठवला.

ग्रुपवर अभिप्राय टाकला. एकानं लिहिलं, या मॉडेलमध्ये ट्रेबल उलट जास्तच आहे, कानाला टोचतो. सगळेच दर्दी नसतात हे कळलं.

२० नोव्हेंबर, बुधवार.

दुसरा डॅक. काडेपेटीएवढा, स्वतःची बॅटरी, लो गेन आणि हाय गेन, म्हणजे कमी जोर आणि जास्त जोर, असं बटण. हाय गेनला, आवाज पूर्ण. टाळ अजून गायबच.

एक गंमत. मी हेडफोन लावून भजन ऐकत होतो आणि मंडळी आत भाकरी थापत नेमकं तेच भजन गुणगुणत होत्या. कडव्याला कडवं जुळत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात मनं अशी जुळतात. बरं वाटलं.

दुपारी दिग्विजयनं कानाच्या चाचणीची फाइल पाठवली. आवाज वरच्या पट्टीत चढत बारीक बारीक होत जातो, कुठवर ऐकू येतो ते कळवायचं. फाइल कोरी निघाली. म्हणून हेडफोन काढून फोनच्या स्पीकरवर लावून बघितली. तरी कोरीच. मात्र मंडळींनी कानात बोटं घातली आणि आमचं कुत्रं उठून उसात गेलं. कुत्र्याचं काही कळत नाही. मंडळींचं तर कधीच कळलं नाही.

दिग्विजयला कळवलं, फाइल खराब आहे, दुसरी पाठव. त्यानं विचारलं, काका, एकदा मिरजेला कान दाखवून येऊया का? मी म्हटलं, मशिन खराब असलं तर मशिन बदलायचं. कान कशाला दाखवायचे?

२४ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी.

प्रियाला बघायला वाईचे पाहुणे आले. मुलगा शंभूराज कराडात नोकरीला. पोरगा सालस. दोघं एकमेकांना आधीच पसंत आहेत असा मंडळींचा अंदाज आहे. अंदाज कसला, पोरीनं त्यांना सांगितलेलं असणार.

बैठक सोप्यात, घराच्या पुढच्या पडवीत. एकीकडं आमची भावकी, एकीकडं ते. त्यांच्याकडून बोलणारे कारभारी मुलाचे चुलते. आता या वाईच्या लोकांचं बोलणं म्हणजे घाटावरचे मंत्र, सगळं ओठातल्या ओठात. मी आपला त्यांचं वाक्य संपलं की मान डोलवत होतो. बोलणाऱ्याला धीर येतो त्यानं. एकदा त्यांनी जरा लांबलचक काहीतरी विचारलं आणि माझ्याकडं बघत थांबले. मी म्हटलं, “चालतंय की. आमची काय हरकत न्हाई.”

सोप्यात एकदम शांतता. सुभेदारानं शब्द दिला की अशीच शांतता होते. बैठक उत्तम झाली.

२५ नोव्हेंबर, सोमवार.

बैठक तितकी उत्तम झाली नाही असं मंडळींचं म्हणणं. चुलत्यांनी विचारलं होतं की लग्नानंतर मुलीचा दवाखाना बंद करावा लागेल, जनावरांत हात घालणारी सून आमच्या घराण्यात बरी दिसत नाही, चालेल का? आणि मी म्हणालो चालतंय की.

हे मंडळींनी मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा गुंडा कुंपणावरून डोकावला, इतक्या मोठ्यानं.

आता करायचं काय? एक, शब्द मागं घेणं. भावकीसमोर दिलेला शब्द सुभेदार मागं घेत नाही. दोन, ऐकू आलं नाही म्हणणं. ते तर खोटंच झालं असतं. ऐकू आलं होतं. फक्त स्पष्ट आलं नव्हतं, आणि तो दोष चुलत्यांच्या जिभेचा.

संध्याकाळी प्रिया दवाखान्यातून आली. हातपाय धुतले, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि अगदी तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, “आबा, मला एवढंच सांगा. तुम्हाला ऐकू आलं होतं का?”

मी म्हटलं, “शब्दन् शब्द. इचार करूनच बोललोय.”

ती उठून आत गेली. काही बोलली नाही. निदान मला तरी काही ऐकू आलं नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार.

प्रिया माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पाण्याचा तांब्या ठेवते, पण शब्द नाही. पूर्वी दवाखान्यातल्या गोष्टी सांगायची. कुणाची म्हैस अडली, कुणाचा बैल डॉक्टरीणबाई बघून बिचकला. मी मान डोलवायचो. निम्म्या गोष्टी मला कळायच्या नाहीत, पण ती सांगताना हातवारे करायची ते बघत बसायला मला फार आवडायचं. घर ओस पडल्यासारखं वाटतंय.

रागावेल, विसरेल. मुली अशाच असतात. मधल्या वेळात डॅकचा प्रश्न तडीला न्यायचा. सांगलीला एका दुकानात सगळी मॉडेलं ऐकून बघायला मिळतात म्हणे.

४ डिसेंबर, बुधवार.

सांगलीला जाऊन आलो. बॅलन्स्ड आउटपुटवाला, म्हणजे सगळ्यांत जास्त जोराचा, मोठा डॅक लावून बघितला. मी मालकाला म्हटलं, वाढवा. त्यानं वाढवलं. म्हटलं, अजून. मग त्यानं माझ्या डोक्यावरचे हेडफोन काढून आपल्या कानाला लावले, दचकून खाली ठेवले आणि मला खुर्ची दिली. पाणीही दिलं. सांगलीकर ग्राहकाचा मान ठेवतात.

तोच घेतला. ग्रुपवर विचारलेल्या सगळ्यांनी सांगितलं, यापुढं खिशात मावणारं काही नाही. आता यातही टाळ वाजले नाहीत तर दोष कॅसेटींचा.

८ डिसेंबर, रविवार.

पुढच्या रविवारी सुपारी फोडायची ठरलीय. वाईकर पुन्हा येणार. मंडळी म्हणतात, प्रियाचं मन राखा, तेवढंच बघा. मी एक नामी युक्ती काढलीय.

बैठकीच्या दिवशी दिग्विजय पुण्याहून आला होता आणि त्यानं सगळ्याचं शूटिंग केलं होतं. ते त्याच्याकडून मागवलं. उद्या ते नव्या डॅकवर लावायचं. चुलते नक्की काय म्हणाले ते शब्दन् शब्द उतरवून घ्यायचं. त्यांचं बोलणं अस्पष्ट निघालं की चूक त्यांची, माझा शब्द आपोआप रद्द. प्रियाचा दवाखाना वाचला आणि सुभेदाराचं नाकही शाबूत. तोफखान्यात याला रेंज काढणं म्हणतात.

९ डिसेंबर, सोमवार. दुपारी.

शूटिंग लावलं. नवा डॅक, हाय गेन, आवाज पूर्ण.

चुलत्यांचे ओठ हलताना दिसतात. कान देऊन ऐकलं तर कळशीत माशी अडकावी तसं काहीतरी येतं. मग थांबतं. मग माझा आवाज, खणखणीत: चालतंय की.

पुन्हा लावलं. पुन्हा माशी. पुन्हा चालतंय की.

मंडळी सोप्याच्या त्या टोकाला शेंगा फोडत बसल्या होत्या. हेडफोन माझ्या कानावर. मी पुन्हा लावलं तेव्हा त्यांनी मान वर केली, मला हातानं थांबवलं आणि जवळ येऊन ओरडून म्हणाल्या, “आवं, बास करा की. ‘दवाखाना बंद करावा लागंल’ आसं सपष्ट म्हणत्यात. मला हितनं ऐकू येतंय.”

डॅकची बॅटरी काढून बघायला गेलो. डॅकची बॅटरी निघत नाही. हेडफोनची वायर हलवून बघितली. वायर चांगली आहे. आज्जीबात काही बिघडलेलं नाही.

आज भजन ऐकलं नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार.

रोजनिशीला वेळ नाही. शेतात काम आहे.

शेतात काही काम नाही. बांधावर बसून होतो. ऊसतोड अजून आमच्या पट्टीत आलेली नाही. वारा सुटला होता, पाचट हलताना दिसत होतं. पूर्वी त्याचा आवाज यायचा. कधीपासून येत नाही, आठवत नाही. मी म्हणायचो हल्ली वारा पूर्वीसारखा नाही.

‘कानसेन’ सोडला. कुणी कारण विचारलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार. सगळं आटोपल्यावर.

वाईकर आले. सुपारी ताटात ठेवली. भावकी बसली. प्रिया आतल्या दारात उभी, पदर घेऊन, माझ्याकडं न बघता.

रात्रभर भाषणाची तयारी केली होती. मुद्दे काढले होते. शेतकऱ्याच्या जीवनात जनावरांचं स्थान, स्त्रीशिक्षण, देशसेवा. उभा राहिलो आणि एकही मुद्दा आठवला नाही. म्हणालो,

“पाव्हणं, मला ऐकू येत न्हाई. त्या दिवशी बी आलं न्हवतं. मी नुसतीच मान हालीवली. पोरीचा दवाखाना बंद व्हायचा न्हाई. ह्यो माजा शब्द, त्यो न्हवं.”

आणि मग लक्षात आलं की लोक काय म्हणताहेत तेही मला ऐकू येत नाही. सगळ्यांचे ओठ हलत होते. चुलते आमच्या मंडळींच्या दिशेनं बघून काहीतरी म्हणाले. शंभूराज मान खाली घालून हसला की रडला, ते दिसलं नाही. मी आपला उभाच. आयुष्यात इतका उघडा कधी पडलो नव्हतो, भरतीच्या मैदानातसुद्धा नाही.

तेवढ्यात प्रिया दारातून सरळ सोप्यात आली. सगळ्या पुरुष माणसांमधून. माझ्या उजव्या कानाशी तोंड लावून म्हणाली, “बसा आबा. चालतंय म्हणत्यात.”

सुपारी फुटली. आता लिहून ठेवायला हरकत नाही: आज सुभेदारानं पोरीचा दवाखाना वाचवला. ती माझ्याशी बोलली.

१८ डिसेंबर, बुधवार.

मिरज. कानाच्या दवाखान्यात काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी अधूनमधून अंदाजानं दाबत होतो. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बाहेरून खूण केली की सुभेदार साहेब, अजून काही लावलेलंच नाही. प्रिया त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर तोंडावर रुमाल धरून बसली होती.

२१ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी.

कानातली मशिनं मिळाली. शेंगेतल्या दाण्याएवढी. डॉक्टरीणबाईंना खोलात जाऊन विचारलं. माइक, डॅक, अ‍ॅम्प, बॅटरी, सगळं त्यातच असतं म्हणे. म्हणजे मी योग्य वस्तूच शोधत होतो, दुकान तेवढं चुकलं.

घरी येताना सगळ्या जगाला कुणीतरी सँडपेपर मारतंय असा आवाज येत होता. सवय होईल म्हणाल्यात. घरी येऊन सोप्यात खुर्चीवर डोळे मिटून टेकलो. आत मंडळी आणि प्रिया भाजी निवडत होत्या. माझ्यादेखत हव्या त्या गप्पा मारायची त्यांना सवय. दोघींचं बोलणं भिंतीतून सरळ कानात आलं. एकही शब्द पुटपुटलेला नाही.

मंडळी म्हणत होत्या, “दवाखान्याचं तर पयल्याच दिवशी तुज्या सासूसंगट चुलीम्होरं ठरल्यालं. यांचं ‘चालतंय की’ हल्ली कोण धरतंय? वाईकरास्नी बी म्हाईत हुतं. उगं एवढ्या मान्सांत उभं ऱ्हायलं.”

प्रिया म्हणाली, “असू दे. त्यांना सांगू नकोस. दवाखाना आपणच वाचवला असं वाटतंय ना त्यांना, वाटू दे.”

मंडळी म्हणाल्या, “मी कशाला सांगू?”

मग थोडा वेळ नुसता मेथीची पानं खुडल्याचा आवाज. मेथी खुडण्याला आवाज असतो.

मी डोळे उघडले नाहीत. थोड्या वेळानं प्रियानं आतून विचारलं, आबा, चहा ठेवू का? स्वच्छ ऐकू आलं. तिनं दुसऱ्यांदा, मोठ्यानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, “आँ? चालतंय की.”