शिडाच्या चुण्या

चि. धाकटीस,

आशीर्वाद. गुडघा कसा आहे? माझा बरा आहे. म्हणजे दुखतो, पण मी त्याची विचारपूस सोडलीय. “येतो, येतो” म्हणत तीन महिने गेले आणि दाजी काही उगवले नाहीत, म्हणून रुसली असशील. कारण ऐक.

तुझं घर तळ्यापलीकडे, आणि वारा नेमका तुझ्याकडून माझ्याकडे. (शाळकरी वयात यावर दोन कडवी सहज केली असती.) अशा वाऱ्यात सरळ जाता येत नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं नागमोडी जायचं आणि दर वळणाला होडीचं नाक वाऱ्यातून पलीकडे न्यायचं. आपली होडी तिथेच अडते. कवितेची तिसरी ओळ विसरलेल्या मुलासारखी तोंड वर करून उभी राहते आणि मग हळूहळू मागे सरकते. परवा जाळी टाकणारा एकजण शेजारून जाताना ओरडला, “काय आजोबा, रांगेत उभे आहात का?”

उपाय सगळे झाले. सुकाणूला फळी जोडून ते मोठं केलं. शिडातल्या आडव्या काठ्या बदलल्या. (आपलं शीड जुन्या चिनी जहाजांसारखं, सहा कप्प्यांचं, पंख्यासारखं मिटणारं, पण तुला काय सांगायचं, तुझ्याच मशीनवर ताईने शिवलंय ते.) वळायच्या आधी वेग घेऊन पाहिला. होडी जागच्या जागी थांबली, मी तेवढा पुढे गेलो, थेट पाण्यात. “आधी टोपी धरा!” असं ओरडणारं कोणी नव्हतं. माझं मीच ओरडलो.

आता खरं सांगतो. ताई गेल्यावर वाटलं, तिचं शीड नीट करून ठेवावं. जागोजाग सैल, काठ्यांपाशी चुण्या. शेवटच्या वर्षातलं शिवण, नजर अधू झालेली, म्हणून तसं झालं असेल असं मी धरून चाललो. शिंपी म्हणाला, “काका, उसवून ताठ करून देतो, इस्त्रीच्या चादरीसारखं.” म्हटलं, कर. जास्तीचं कापड त्याने कापून टाकलं. दोरा संपला म्हणून वरचा एक कप्पा तेवढा राहिला.

गेल्या रविवारी होडी जराशी चालत असताना वर पाहिलं. पाच कप्पे पाटीसारखे सपाट, आणि तो एकच वारा पोटात घेऊन गोल फुगलेला. मग आठवलं, कापड बेतताना ती म्हणाली होती, “वाऱ्याला बसायला जागा नको का?” मी तेव्हा यमक जुळवत बसलो होतो. नुसतं ‘हं’ म्हणालो.

तिच्या हातचं शेवटचं शिवण, धाकटे, मी उसवलं. वर शिंप्याला शाबासकीही दिली.

बाकी ठीक. जप स्वतःला.

तुझे,
दाजी

ता. क. वरच्या कप्प्यातल्या चुण्या मोजल्या : अकरा, प्रत्येक दोन बोटांची. खालच्या पाचांचं माप आठवत असेल तर कळव. त्याहून बरं, तूच येऊन शिवून दे. कापड आणून ठेवलंय.

ता. क. दुसरा. तुझ्या दारापर्यंत बस जाते, अर्ध्या तासात पोचवते, हे मला माहीत आहे. दोनदा थांब्यावर जाऊन परत आलो. होडीतली पुढची बसायची फळी अजून तिचीच आहे. बसमध्ये शेजारी कोणीतरी येऊन बसतं.