चौकटीचा उजवा पाय

तांडा, ता. राळेगाव
२२ नोव्हेंबर २०२५

प्रिय जयाबाई,

जय सेवालाल. तुझ्या भियाचा आशीर्वाद घे. इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. कापसाचा पहिला वेचा घरी आला आणि तुझी हंसावहिनी रोजच्यासारखी माझ्यावर चिडलेली आहे, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम. वणीला थंडी पडली का? आमच्या जवाईबापूंचा गुडघा कसा आहे?

फोन असताना पत्र कशाला, म्हणून हसशील. फोनवर तू "हं, बोल भिया" म्हणतेस आणि मी हवापाण्याची चौकशी करून ठेवून देतो. आठ महिने तेच चाललंय. कागद हातात घेतला की पळून जाता येत नाही.

आधी आनंदाची बातमी. घर झालं! तीन खोल्या, ओटा, मागे मोरी. रंग हंसाने निवडला, पोपटासारखा हिरवा. राळेगावच्या एसटीतूनसुद्धा दिसतो. राजूरच्या खाणीच्या क्वार्टरमध्ये तीस वर्षं कोळशाची भुकटी झाडली बिचारीने. आता फरशी दिवसातून चारदा पुसते आणि मला चप्पल हातात घेऊन चालायला लावते. सगळं आहे. फक्त पुढचं दार नाही.

म्हणजे होतं, चौकटीसकट काढलं. तेच सांगायला बसलो होतो, पण आधी थंडीचं विचारून घेतलं.

तुझी राखी या वर्षी टपालाने आली. एका हाताने आणि दातांनी माझी मीच बांधली. त्याच आठवड्यातली गोष्ट. पुढचं दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून हंसा चौकटीत खाली आकडा बसवायला गेली. हातोडी उचलायच्या आधीच खिळा अंगठ्याने आत गेला. तिने मला हाक मारली. मी म्हटलं, "लाकूड जुनं झालं असंल."

"चार मयन्यात?" ती म्हणाली. "तुमाले साठ वर्सं झाले, तुमाले लागली काय उधई?"

उधई, जया. वाळवी. नव्या कोऱ्या घराला, सागाच्या चौकटीला.

मी काय केलं असेल? रॉकेल ओतलं. हिंगाचं पाणी शिंपडलं. कडुनिंबाचा धूर केला, तेव्हा वाळवी राहिली आणि आम्हीच बाहेर पळालो. मग तपकिरी तेलरंग आणला आणि खालचा भाग रंगवून टाकला. महिन्याने पुन्हा, दिवाळीआधी तिसऱ्यांदा. तांड्यातल्या पोरी दिवे घेऊन दारोदार ओवाळत मेरा, दिवाळीची ओवाळणी, मागायला आल्या, तेव्हा मी चौकटीच्या त्या पायासमोर खुर्ची टाकून बसलो होतो. कोणाला दिसू नये म्हणून.

शेवटी हंसानेच यवतमाळहून औषध मारणारा बोलावला. प्रफुल्ल नाव त्याचं. त्याने चौकटीला बोट लावलं, रंग फुटला आणि आतून माती सांडली. लाकूड नव्हतंच. "काका, तुमचं दार तं रंगावर उभं हाय," म्हणाला. मग त्याने भिंतीकडेने छिद्रं पाडून औषध सोडलं, छिद्रं सिमेंटने बुजवली. चौकट मोकळी करायला दोन्ही पायांजवळ खणलं. उजव्या पायाचा भुगा झालेला, आणि डावा पाय टणक! त्याच्या तळाला जाड डांबर लावलेलं. प्रफुल्ल म्हणाला, "हा पाय जानकार मानसानं केला, काका. दुसरा काहून सोडला त्यानं?"

उत्तर मला माहीत होतं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण मी ते अजून एकदाही तोंडाने म्हटलेलं नाही. गुढीपाडव्याला चौकट बसवायची होती. जवाईबापू पहाटेच्या गाडीने सुतारकामाची हत्यारं घेऊन आले. डाव्या पायाला डांबर लावून झालं, उजवा उलटा केला आणि ते थांबले. सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, हे सालीजवळचं पांढरं लाकूड हाय. गाभा न्हाई. हे बदला, अन् फरशीच्या आधी मातीत औषध मारा." आणि मी म्हटलं, "तीस वर्सं खाणीत लाकडाचे टेकू लावले मी. तू मले लाकूड शिकवतं काय?" जवाईला अरेतुरे केलं. पूजा झाल्यावर टोपी-दुपट्ट्याचा मान सुताराचा, तो मी चौकट तशीच उभी करणाऱ्या गवंड्याला दिला. सुतार आणि त्यातून जवाई, दोन्ही मान एका हाताने काढून घेतले. तू ताटावरून उठलीस. माहेरी येऊन उपाशी गेलीस.

तांड्यात मी सांगत राहिलो की जवाईबापूंना वणीला तातडीचं काम निघालं.

अगं, खाणीत मी लाकूड मोडताना पाहिलं, कुजताना पाहिलं. वाळवी लागायच्या आत छत तरी खाली यायचं किंवा आम्ही पुढे सरकायचो. घराचं लाकूड मला कुठलं कळायला?

अपमान चार माणसांत केला होता, म्हणून गेल्या रविवारी तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर सगळे बसले असताना तो खाल्लेला पाय नेऊन मधोमध ठेवला. म्हटलं, "रामधन जवाई खरा होता, मी खोटा. तातडीचं काम बी खोटं." मग नायक म्हणाला, "पूनमसिंग, हे आमाले पाडव्यालाच मालूम होतं. तू कवा सांगतं तेच पाहून राह्यलो होतो." असा हशा पिकला म्हणून सांगू! मीही हसलो, पोट दुखेपर्यंत. घर बांधूनसुद्धा एवढं हलकं वाटलं नव्हतं.

गाभ्याचा साग आणून ठेवला आहे. तीन सुतार विचारून गेले, तिघांना परत पाठवलं. दाराला सध्या हंसाची साडी टांगली आहे आणि तांड्यातल्या शेळ्या पाहुण्यांसारख्या ये-जा करतात. सात डिसेंबरला, रविवारी, नव्या घराचा भोग, देवाचा नैवेद्य, ठेवला आहे. तू दोन दिवस आधी ये. गोड तू म्हणशील ते होईल. तू माझ्या घरी पोटभर जेवलेली मला बघायची आहे, बस.

इथून पुढचं त्यांना वाचून दाखव. नको, कागदच त्यांच्या हातात दे.

जवाईबापू, राम राम. मी चुकलो. तुमच्या कामाचा आणि तुमचा अपमान केला, त्याची माफी मागतो. टोपी आणि दुपट्टा आणला आहे, तो त्याच लोकांसमोर द्यायचा आहे. तुम्ही आल्याशिवाय चौकट बसणार नाही आणि चौकट बसल्याशिवाय मी भोग लावणार नाही. पाय दोन्ही तुम्ही तपासा, डांबर तुम्ही लावा. उभी करताना एका बाजूने कोणीतरी धरावी लागते. ती मी धरीन, आणि तुम्ही सांगाल तेव्हाच सोडीन.

तुमचा साळा,
पूनमसिंग