चूक म्हणायला आपण कोण?

प्रिय आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे गं?

इथे कामावर आम्ही जुन्या अरबी शब्दांचा कोश करतो. एकेका शब्दाची कितीतरी रूपं, कितीतरी अर्थ! काल दोन रूपं मी चुकीची समजून खोडली. कोशाचं काम बघणाऱ्या मोठ्या बाई म्हणाल्या, "पदवीबरोबर खोडरबरही मिळालं वाटतं! कोणत्या अरब जमातीत असं बोलत, तेवढं लिही. चूक म्हणायला आपण कोण?"

मला पदवीचा दिवस आठवला. सरांसमोर मी तुझं बोलणं तीनदा सुधारलं आणि तू गप्प झालीस. तेव्हापासून फोन बाबांकडेच देतेस.

ती रूपं मी पुन्हा लिहिली. रविवारी फोन करीन. तूच बोल, जसं बोलतेस तसंच. मी मध्ये तोंड घालणार नाही.

तुझी अतिशहाणी लेक