मेलेल्याचं काम करणाऱ्या सिद्ध्याला

प्रिय सिद्ध्या,

अरे, लागला! आपला सिनेमा काल संध्याकाळी सोलापुरात लागला, आणि बाल्कनीसकट हॉल भरला! तेव्हापासून आनंदाच्या उकळ्या फुटतायत, पण सांगायचं कुणाला? ज्याला सांगायचं तो तूच. म्हणून लिहायला बसलो.

लोक काय हसले रे! एक थापाडा, एक जळकुकडा, असे दोन दोस्त तिसऱ्या दोस्ताचं प्रेत टेम्पोतून गावी न्यायला निघतात आणि भांडता भांडता त्यालाच चहाच्या टपरीवर विसरून जातात. तिथं तर शिट्ट्या पडल्या! तुझ्याइतकं झकास पडद्यावर कुणी मेलंच नसेल.

होटगीचं शूटिंग आठवतंय? तुम्हा लिंगायतांत माणूस गेला की बसवून नेतात, म्हणून तुला कपाळभर विभूती लावून, हार घालून टपरीसमोर खुर्चीत बसवलं होतं. कॅमेरा लांब झाडाआड. एक म्हातारी आली, पाया पडली आणि रडायलाच लागली. "कुनाचं लेकरू गं बाई, लई लवकर गेलं की!"

तुला राहवेना. एक डोळा उघडून म्हणालास, "आजी, रडू नगा, शूटिंग हाय."

म्हातारी आधी किंचाळली, मग तिनं चप्पल काढून तुला बदडलं. "जित्तेपनी मेल्यागत बसतोस व्हय रं, मुडद्या!"

तू खरोखर गेलास तेव्हाही तसाच बसवला होता. तशीच विभूती, तसेच हार. सगळे रडत होते आणि मी तुझ्या पापण्यांकडे टक लावून उभा. उघड की रे एक डोळा! नाही उघडलास.

आणि आपलं भांडण तरी कशावरून? सिनेमाच्या शेवटावरून! मी म्हणायचो, दोघांनी प्रेतासमोर गळाभेट घ्यावी. तू म्हणायचास, "न्हाय विज्या. असली मानसं पाठ फिरवून जात्यात." शेवट दोन्ही शूट केले, पण त्यावरून अशी हमरीतुमरी झाली की तू निघून गेलास तो गेलासच. बाजारात दिसलो तर मान वळवायचास. एवढा ताठा कशाला रे? आणि मग एका सकाळी हृदयच बंद पडलं तुझं.

एडिटरनं विचारलं, कुठला शेवट लावू? मी तुझा लावला. काल दोघं दोन वाटांनी निघून गेले तेव्हा एवढा हसणारा हॉल चिडीचूप झाला.

बाहेर महादेवी वहिनी भेटल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "भावजी, तुमचा शेवट का न्हाई ठिवला? हे तर घरी म्हनायचे, विज्याचाच शेवट खरा हाय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हनलं की फोन करा. तर म्हने, आदी त्यो करूदे."

अरे गाढवा! माझ्या बायकोला मीही नेमकं हेच सांगत होतो! रस्त्यात उभ्याउभ्या मला हसू आवरेना. वहिनीही हसायला लागल्या आणि मग दोघंही रडलो.

एडिटर म्हणतोय, पुढच्या आठवड्यात सिनेमा गावोगाव जाईल, त्याआधी शेवट बदलता येतो. पण मी तुला शब्द देतो सिद्ध्या, शेवट तुझाच राहील. आपली गळाभेट झालीच नाही रे, मग पडद्यावर खोटी कशी दाखवू?

तुझाच,
विज्या