अकरा वेळा बावन्न

दादा,

सायकलचं पुढचं चाक मी ऑफिसला नेतेय. घरभर शोधत बसू नकोस.

अति सरावाचा थकवा सकाळच्या नाडीत दिसतो, म्हणून आपलं ठरलं होतं की अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजायची, फ्रिजवरच्या वहीत लिहायची आणि तुझ्या नेहमीच्या बावन्नपेक्षा सात-आठने जास्त भरली तर त्या दिवशी सायकलला हात लावायचा नाही. वहीत गेले अकरा दिवस रोज बावन्न आहे. एकच पेन, एकच घाईचं अक्षर. सगळे आकडे एका बैठकीत लिहिलेत हे कळायला बहीण माझ्यासारखी बातम्यांचा खरेखोटेपणा तपासणारी असायची गरज नाही. आज सकाळी तू घोरत असताना तुझं मनगट धरून पूर्ण मिनिटभर मोजलं. झोपेतसुद्धा अडुसष्ट.

थकवा कुणालाही येतो. पण स्वतःच्या नाडीची खोटी हजेरी लावणाऱ्या माणसाची मला किळस आली. पायांचे दगड झालेत, भूक मेलीय, आणि परवा चमचा वाजला म्हणून तू आईवर खेकसलास. ती अजून आवाज न करता चहा ढवळते.

शर्यत तीन आठवड्यांवर आलीय, माहीत आहे. आता आठवडाभर झोप, पोटभर जेवण आणि संध्याकाळी आईबरोबर कोपऱ्यापर्यंत चालणं, एवढंच. नाडी मी मोजणार. सलग तीन दिवस खरोखरचे बावन्न भरले की चाक मिळेल. नाहीतर शर्यत तुझ्याशिवाय होईल.

वहीतलं ते पान फाडलंय. नव्या पानावर अडुसष्ट लिहिलंय. आईनं विचारलं, “हे काय गं?” म्हटलं, दादा सांगेल.

धाकटी