बाजरीतलं सॉरी

पिंपळवंडी,
१४ सप्टेंबर २०२५

चि. हर्षाली हिस,
काकाचे आशीर्वाद. मोबाइल असताना पत्र कशाला, म्हणशील. संस्कृतच्या मास्तराला लिहिलेलं खोडता येतं, बोललेलं नाही.

तुझ्या वडिलांच्या दशक्रियेला आलीस आणि पाणीही न पिता गेलीस. तक्रार नाही. तू लग्न करून नवनाथला घेऊन आलीस, तेव्हा दादानं आतून कडी लावली होती.

बाजरी भरली आहे. पाखरं हाकायला दादानं मोबाइलवर स्वतःचाच आवाज भरून ठेवला होता, 'हुर्रर्र, हाऽऽ'. तो गेल्यावर तुझ्या आईनं त्या हाका मेमरी कार्डावर घेऊन बांधावरच्या भोंग्यात घातल्या. मी नको म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, "पाखरं सुतक पाळत्यात व्हय, भाऊजी?"

परवा दुपारी बांधावर गेलो. हाका संपल्या, भोंगा खरखरला आणि दादा हळूच म्हणाला, "सॉरी, हर्षे."

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनींचा विळा थांबला नाही. "दर पाच मिनटांनी म्हनत्यात. मी आपली 'हो' म्हनते."

भरल्या कणसांवर एकही चिमणी नव्हती.

आता खोडायचं नाही असं लिहितो. दादानं आवाज भरला त्या दिवशी मी त्याच्या शेजारीच होतो. हाका भरून झाल्यावर त्यानं विचारलं, "बापू, सॉरी म्हंजी नेमकं काय रं? पोरीला फोनवर म्हनलं तर चालंल?" मी म्हटलं, "चहा सांडला की म्हणतात ते. राँग नंबरलाही म्हणतात. तुझ्या अपराधाला 'क्षमस्व'सुद्धा तोकडं पडेल." तरी त्यानं एकदा म्हणून पाहिलं. मी हसलो. त्यानं फोन खिशात घातला. म्हणताना रेकॉर्डिंगचं बटण परत दाबलं गेलं होतं, हे दोघांनाही कळलं नाही. आठ दिवसांनी तो गेला.

त्याच्या सॉरीमागोमाग माझं हसू शिवारभर वाजतं.

काल कोश काढला. 'सॉरी'चं मूळ 'सोअर'मध्ये, म्हणजे जखमेत आहे. 'मला दुखतंय', एवढंच. सातवी शिकलेल्या दादाला तो बरोबर सापडला होता.

आज सकाळी कार्ड काढून या पाकिटात घातलं. भोंगा रिकामा आहे. तरी आत्ता, बांधावर बसून हे लिहिताना, वहिनी बाजरीत 'हो' म्हणाल्या. मला काही ऐकू आलं नव्हतं. मग आलं. दादा नव्हता त्यात, नुसतं माझं हसू होतं.

कार्ड ऐक. 'हो' म्हणायचं की नाही ते तुझं तू ठरव. तुझ्या आईनं किती दिवस म्हणायचं?

तो फोन ज्यानं होऊ दिला नाही, तो तुझा
बापूकाका