'भामा थांबवा' योजना

१ नोव्हेंबर १९६६, मंगळवार
आजपासून पुन्हा रोजनिशी. मागची मार्चात बंद पडली. कारण, शाई संपली.
शनिवारी भामा येते. माझी धाकटी बहीण. मिरजेला नर्सिंग शिकली आणि विलायतेला गेली. बर्मिंगहॅमच्या इस्पितळात असते. इथे सांगलीत, आमच्या विश्रामबागेत, मी 'लंडन' असे सांगतो, लोकांना सोपे जाते. पत्रात लिहिते की मी आता सिस्टर झाले. हेडक्लार्क लालासाहेबांना मोठ्या अभिमानाने सांगितले, माझी सिस्टर सिस्टर झाली. ते गंभीर झाले. म्हणाले, धोंडिराम, सिस्टर म्हणजे किरिस्तावांच्या जोगिणी ना? दहा वर्षांपूर्वी तुम्ही सगळे बौद्ध झालात, आता हिने पुन्हा बदलला काय? मी हसलो. घरी येऊन पत्र परत वाचले. सौ. म्हणाली, बढती असेल. असेल.
निश्चय: भामाला परत जाऊ द्यायचे नाही. गावी वडूजला आई एकटी आहे. म्हातारीकडे कुणी बघायला नको? मी आहेच, पण माझा जॉब जबाबदारीचा. शिवाय वाटेत विट्यापुढे रस्ता खराब.
योजना अशी: विलायतेत जे जे आहे ते ते सांगलीत आहे असे दिसले, की ती जाईल कशाला?

३ नोव्हेंबर, गुरुवार
तयारी जोरात. ब्रेड, लोणी, काटे-चमचे आणले. विलायती पद्धतीची खुर्ची सुताराकडून करून घेतली. म्हणजे मध्ये भोक असलेली. दुकानात बायका होत्या, त्यामुळे त्याला उपयोग नीट समजावता आला नाही. खुर्ची देखणी झाली आहे. उंची जरा जास्त, बसल्यावर पाय टेकत नाहीत. सौ.ने ही कशासाठी म्हणून विचारले. कानात सांगितले. पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.
सौ.ला ताकीद: भामा असेपर्यंत घरात शुद्ध बोलायचे. 'हाय', 'न्हाई' बंद. ती म्हणाली, "बरं हाय."

५ नोव्हेंबर, शनिवार
मिरज स्टेशनवर पहिल्या वर्गाच्या डब्यासमोर हार घेऊन उभा राहिलो. एक लष्करी अधिकारी उतरले. त्यांनी हाराकडे पाहिले, मी दुसरीकडे पाहिले. तेवढ्यात पाठीत धपाटा बसला. भामा! थर्ड क्लासमधून आलेली, काखेत कुणाचे तरी मूल, मागे डबाभर बाया तिला निरोप देत होत्या. म्हणाली, "दादा, किती सुटलास रं! वयनी लय जेवाय घालती वाटतं." मी पाठ केलेले म्हटले, "वेलकम टू युवर ओन कंट्री." ती म्हणाली, "आरं व्हय, पर आदी ह्या बाईचं प्वार धर."
पोर धरले. त्याने हारातली शेवंती खाल्ली.
विश्रामबाग येईपर्यंत टांगेवाल्याच्या घोड्याचे नाव, टांगेवाल्याच्या बायकोची कंबरदुखी आणि तिच्यावरचा इलाज, हे सगळे भामाचे बोलून झाले. त्याच टांग्यातून मी कितीदा आलो असेन. घोड्याला नाव असते हे माहीत नव्हते.

६ नोव्हेंबर, रविवार
ब्रेकफास्ट अपयशी. भामाने ब्रेडकडे पाहून रात्रीची भाकरी उरली आहे का विचारले. उरली होती. ठेचा घेऊन दोघी चुलीपुढे बसल्या. मी टेबलावर एकट्याने काट्याने ब्रेड खाल्ला. आणला होता, वाया कशाला घालवायचा.
खुर्चीचे तिला इंग्रजीतून सांगितले. ती इतकी हसली की शेजारच्या बाई काय झाले म्हणून आल्या. मग त्याही हसल्या. दुपारी खुर्ची स्वयंपाकघरात गेली. भोकात माठ बरोब्बर बसतो. सौ. म्हणते, माठाला तिवई पाहिजेच होती.
योजनेचा गाभा शाबूत आहे.

९ नोव्हेंबर, बुधवार
भामा दोन दिवसांसाठी वडूजला गेली. चल म्हणत होती. मी जाणारच होतो, पण ऑफिसात इन्स्पेक्शन आहे. पुढच्या महिन्यात आहे, पण तयारी आत्तापासून लागते. रविवारी नक्की.

१३ नोव्हेंबर, रविवार
पोटात गुबारा. ब्रेड शिळा असावा. पुढच्या रविवारी नक्की.

१७ नोव्हेंबर, गुरुवार
दोन दिवसांचे आठ दिवस करून भामा आली. सोबत शेंगांचे पोते. ते घरापर्यंत आणून द्यायला एस्टीचा कंडक्टर स्वतः आला आणि चहा पिऊन गेला. तिकडे घराला पांढरी माती दिली, पत्रे घट्ट केले, आईच्या पायाला रोज तेल चोळले म्हणे. एवढे करायची काय गरज होती? मी माणूस लावून करून घेणारच होतो.
आई काय म्हणाली विचारले. म्हणे, दादा बरा हाय का, एवढंच इचारत होती. आईची काही तक्रार नाही, यावरून ती सुखात आहे हे उघड आहे.

२० नोव्हेंबर, रविवार
आज योजनेचा मुख्य दिवस, म्हणून वडूज रद्द. स्थळ बोलावले होते. यल्लाप्पा नावाचा मुलगा, कुपवाडला नव्या कारखान्यात सुपरवायझर, निर्व्यसनी, स्वतःची स्कूटर. भामाला आधी सांगितले नव्हते. बायकांना आधी सांगितले की त्या विचार करतात.
मुलगा जयभीम घालून बसला. मी हवापाण्याचे बोलत होतो. भामा पोहे घेऊन आली, म्हणाली स्कूटर तुमची का, आणि पोहे माझ्या हातात देऊन बाहेर गेली. तिला चालवता येते! कॉलनीला फेरी मारून आली, मग दुसरी फेरी मुलाला मागे बसवून. तो मागचा दांडा दोन्ही हातांनी धरून होता. आल्यावर पोहे तीनदा घेतले, भामाने बर्मिंगहॅमच्या गमती सांगितल्या, तो फार खूश दिसला. माझे काम फत्ते, असे मी खिडकीतून सौ.ला खुणेने कळवले.
जाताना मुलगा भामाला म्हणाला, "येतो, सिस्टर." कुठल्या अर्थाने ते कळले नाही.

२१ नोव्हेंबर, सोमवार
अर्थ कळला. यल्लाप्पा ऑफिसात आला होता. बर्मिंगहॅमला फिटरची जागा मिळते का, पासपोर्ट कुठे काढतात, ताईंनी एक शब्द टाकला तर बघा. लालासाहेब कान देऊन ऐकत होते. तो गेल्यावर म्हणाले, आमच्या मेव्हण्याचंही बघा की.
ज्याला तिला थांबवायला बोलवावे तोच जायला निघतो. पण यात एक चांगले: माझे ऑफिसातले वजन वाढले आहे. आज लालासाहेबांनी स्वतः चहा मागवला.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार
भामा सौ.ला कॉलेजच्या मैदानावर सायकल शिकवते. मी स्पष्ट विरोध केला. विरोध चालू असताना दोघी गेल्या. सौ. दोनदा पडली आणि पडूनही हसत घरी आली. लग्नानंतर तिला इतकी हसताना पाहिली नव्हती. बरे वाटले, पण तसे दाखवले नाही.
सायकल माझी असल्याने मी ऑफिसला चालत जातो. चालणे प्रकृतीला चांगले.

२७ नोव्हेंबर, रविवार
आज वडूजला निघालोच होतो. सायकल पंक्चर. स्टँडपर्यंत जायचे कसे? भामा म्हणाली, टांगा बोलावते. तोवर उशीर झाला होता. म्हणजे बोलावेपर्यंत झाला असता.

३० नोव्हेंबर, बुधवार
राखून ठेवलेले अस्त्र काढले. आई. जेवणे झाल्यावर सुरुवात केली. म्हातारपण, एकटेपणा, काळजाचा तुकडा साता समुद्रापलीकडे, आणि दाराकडे लागलेले डोळे. इतके चांगले जमले की मलाच भरून आले. सौ. भांडी घासायची थांबली. भामा गप्प ऐकत होती. आल्यापासून पहिल्यांदाच गप्प. म्हटले, जिंकलो.
मग तिने विचारले, "दादा, तू आयकडं शेवटचा कवा गेलतास?"
मी म्हटले, रोजनिशी बघून सांगतो. ती म्हणाली, वही नको, तोंडानं सांग. मी म्हटले, पावसाळ्यात. ती म्हणाली, "कंच्या?"
मी पाणी प्यायला उठलो. माठ खुर्चीत असल्याने हल्ली पाणी घेणे सोयीचे झाले आहे.
ती रागावली नाही. रागावली असती तर मला उत्तर देता आले असते. म्हणाली, "मी जाणार, दादा. तितं माजं काम हाय, मला आवडतं. रात्री वार्डात फिराय लागले की म्हातारी मानसं हात धरत्यात, तवा मला आय आठवती. मी हितं थांबले तर तू आजून मोकळा सुटशील, 'भामा हाय की' म्हनून." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी तिच्याहून आठ वर्षांनी मोठा.
वाईट वाटले. खरेच वाटले. नंतर शेंगा खाल्ल्या.

४ डिसेंबर, रविवार
भामा आईचा निरोप घ्यायला पुन्हा वडूजला. मी जाणार होतो, पण दोघे एकदम गेलो तर आईला स्वयंपाकाचा त्रास. तिचाच विचार करून थांबलो.

१४ डिसेंबर, बुधवार
भामा गेली. मिरज स्टेशनवर टांगेवाला, त्याची बायको (कंबर बरी आहे), यल्लाप्पा, लालासाहेब मेव्हण्यासकट, आणि अर्धी विश्रामबाग. निरोपाचे चार शब्द तयार केले होते. गर्दीत मला डब्यापर्यंत पोचताच येईना. शेवटी तिनेच खिडकीतून हाक मारली, "दादा, आयकडं जा रं!" गाडी हलली. सगळ्या प्लॅटफॉर्मने ऐकले.
योजना फसली असे म्हणता येणार नाही. मुदत कमी पडली.
घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. सौ. दोनदा म्हणाली, भाजी खारट झाली. भाजी ठीक होती. मला भामाची फार आठवण येते. हे कुणाला सांगायचे नाही.

१८ डिसेंबर, रविवार. विटा स्टँड, सकाळ
निघालो! कुणाला न सांगता. सौ.लाही नाही, बातमी फुटते. आईला एकदम सरप्राइज. पिशवीत पेढे.
गाडी थांबली आहे म्हणून लिहून घेतो. समोरून आलेली एक गाडी शेजारीच उभी आहे. तिच्या खिडकीत एक म्हातारी पलीकडे तोंड करून बसली आहे. लुगड्यावर लालभडक विलायती स्वेटर! शेजारणीशी हातवारे करून बोलते आहे. काय हौस आणि काय हुशारी या वयात. कुणाची आई असेल ती, पोरे नशीबवान.

त्याच दिवशी. वडूज, संध्याकाळ
विट्यापुढे गाडी बंद पडली, पोचायला संध्याकाळ झाली. दाराला कुलूप. शेजारच्या कोंडीबांकडे नवी सून आली आहे, तिने डोक्यावरचा पदर सावरत विचारले, "कुनाकडं आलाय, पावनं?"
माझ्याच दारात. मी म्हटले, मी धोंडिराम. तिला कळेना. म्हटले, या घरातला मुलगा. ती बघतच राहिली. शेवटी म्हटले, भामाबाईंचा भाऊ. तेव्हा तिचा चेहरा उजळला. आत हाक मारून म्हणाली, "आवं, भामाबाईंचा भाऊ आलाय!" मग बसायला घोंगडी आली, पाणी आले.
कोंडीबांनी सांगितले, आई सकाळच्या पहिल्या गाडीने सांगलीला गेली. माझ्याकडे. एकटी? म्हणे एकटी. भामाने दोन्ही खेपांना तिला रोज स्टँडवर नेऊन पाट्या ओळखायला शिकवल्या. सातारा आणि सांगली दोन्हींचा 'सा' सारखाच. डोक्यावर टिंब असलं की ल्योकाची गाडी, नसलं की साताऱ्याची. म्हातारी मोठ्या तोऱ्यात गेली, भामाने दिलेला तांबडा स्वेटर घालून.
मी स्वेटरचे पुढे काही विचारले नाही.
जाताना काही म्हणाली का, एवढे विचारले. कोंडीबा म्हणाले, "म्हनली, भामी लय लांबची, ती आली. त्यो कामाचा मानूस, त्येला न्हाई जमायचं. मीच जाती." आणि तिच्या बोलण्यात राग नव्हता हेही त्यांनी मुद्दाम सांगितले. सांगायला नको होते.
परतीची गाडी आता नाही. आई माझ्या घरात, मी तिच्या दारात. पेढे कोंडीबांच्या घरी वाटले. गल्लीतले लोक भामाबाईचा भाऊ बघायला येऊन गेले. काहींनी तिची खुशाली विचारली, मी सांगितली. माझी कुणी विचारली नाही.
कोंडीबांची सून भाकरी टाकते आहे. सकाळी लवकर उठवा म्हणून सांगून ठेवले आहे. पहिल्या गाडीने जाणार. टिंब बघून बसणार.